रंगमंचावरचं गाणं पडद्यावर नेताना: चेहरा कुणाचा, गळा कुणाचा?

ऐरोलीच्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारलं आहे: ‘संगीत नाटकांवरून निघालेल्या चित्रपटांत सगळ्यात चांगली पात्रनिवड कुठे झाली? विचारण्याचं कारण असं की आमची एक संगीत एकांकिका आहे, तिच्यावर आम्ही आता छोटा चित्रपट करतोय. स्टेजवर नायिका करणारी मुलगी उत्तम गाते, पण कॅमेऱ्यासमोर ती कधी उभी राहिलेली नाही. पैसे घालणारे म्हणतात, नायिकेला मालिकेतला ओळखीचा चेहरा घ्या आणि गाणी त्या मुलीच्या आवाजात भरा. नायिकेची मोठी बहीण आहे, ती अजिबात गात नाही, तिच्यासाठी कुणीही चालेल. काय करावं?’

माझं मत कुठून येतं ते आधी सांगते. मी ठाण्याची. संगीत नाटकांच्या तालमींत पदं बसवण्यापासून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं मालिका-चित्रपटांसाठी कास्टिंग करते. निम्मा आठवडा घोडबंदर रोडच्या स्टुडिओंत जातो आणि उरलेला ऑडिशनचे व्हिडिओ बघण्यात. त्यामुळे ‘गाणारी की दिसणारी’ हा वाद माझ्या टेबलावर सतत असतो.

तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. स्टेजवर नट आणि त्याचं गाणं यांची फारकत करता येत नाही. गडकरी रंगायतनला शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही तो गळा त्याच देहातून येतोय हे कळतं. पडद्यावर मात्र ही फारकत करता येते, आणि करता येते म्हणूनच मोह होतो. तुमच्यापुढचा खरा प्रश्न हा आहे की या नायिकेच्या बाबतीत ती केली तर काय हाती लागतं आणि काय हातचं जातं. गाणी गोष्टीत कशी येतात, कॅमेरा किती जवळ जाणार, आवाजाच्या कामाला किती पैसे आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी उदाहरणांवरून विचार मांडते आणि शेवटी तुमच्या दोघींकडे (गाणारी मुलगी आणि मालिकेतली) येते.

एकाच भूमिकेचं नाव घ्यायचं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘फिडलर ऑन द रूफ’ (१९७१) मधला टोपोलचा टेव्ये हा दूधवाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर १९६४ साली ही भूमिका झीरो मोस्टेलने गाजवली होती. धिप्पाड, विलक्षण विनोदी नट, प्रेक्षकांशी थेट खेळणारा. चित्रपटही त्यालाच मिळणार असं सगळ्यांनी धरलं होतं. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसनने त्याला घेतलं नाही. लंडनच्या प्रयोगात १९६७ मध्ये टेव्ये करणाऱ्या टोपोलला घेतलं. टोपोल तेव्हा जेमतेम पस्तिशीचा होता आणि करायचा होता लग्नाच्या मुलींचा बाप. भुवया पिकलेल्या दिसाव्यात म्हणून दिग्दर्शकाच्या दाढीतले पांढरे केस त्याच्या भुवयांत चिकटवले होते.

ही निवड मला एवढी मोलाची का वाटते? कारण चित्रपटात खरा चिखल आहे, खरा घोडा आहे, खरी थंडी आहे. मोस्टेलचा टेव्ये नाट्यगृह भरून टाकणारा होता, आणि खऱ्या चिखलात तसा टेव्ये उभा केला तर आधी चिखल खोटा वाटायला लागतो. टोपोल गरीब दूधवाला वाटतो आणि मग गातो. मुलगी बापाच्या मनाविरुद्ध लग्न करू बघते तेव्हा टेव्ये स्वतःशी ‘एका बाजूने… पण दुसऱ्या बाजूने…’ असा हिशोब मांडतो. स्टेजवर यासाठी नट दोन पावलं पुढे येऊन प्रेक्षकांकडे बघतो. चित्रपटात त्या क्षणी टेव्ये अचानक त्या जोडप्यापासून लांब दिसतो, ती दोघं मागे कुठेतरी छोटी होऊन उभी. एवढ्या अंतरावर स्वतःशी पुटपुटणारा माणूस वेडा वाटू शकतो. टोपोल वाटत नाही, कारण तो आवाज चढवत नाही.

त्याच चित्रपटातलं टेव्ये आणि गोल्डाचं गाणं तुमच्या गटाने मिळून बघावं. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवरा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. ती कपडे, स्वयंपाक, मुलं, गाय असा पाढा वाचते. गोल्डा झालेली नॉर्मा क्रेन आणि टोपोल दोघंही ते निम्मं बोलतात, निम्मं गातात. सूर कुठे लागला आणि बोलणं कुठे संपलं, तो सांधा दिसतच नाही. पडद्यासाठी मला असा गळा हवा असतो. तयारी दाखवणारा गळा वेगळी गोष्ट आहे, त्याची जागा वेगळी.

मग स्टेजवरचा कलाकारच पडद्यावर घ्यावा की नाही? याला सरसकट उत्तर नाही. ‘द म्युझिक मॅन’च्या (१९६२) वेळी स्टुडिओला मोठं नाव हवं होतं, तरी ब्रॉडवेवरचा रॉबर्ट प्रेस्टनच राहिला आणि ते अगदी बरोबर झालं. ‘फनी गर्ल’ बार्ब्रा स्ट्रायसँडशिवाय झालाच नसता. १९६८ च्या त्या चित्रपटाने तिला ऑस्कर दिलं. याच्या उलट ‘डिअर इव्हान हॅन्सन’. बेन प्लॅटला याच भूमिकेसाठी २०१७ साली टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला होता आणि गळा त्याचाच हवा यात शंका नव्हती. पण २०२१ च्या चित्रपटात सत्ताविशीचा माणूस शाळकरी मुलगा म्हणून क्लोजअपमध्ये आला आणि लोकांचं सगळं लक्ष त्याच्या वयाकडे गेलं. स्टेजवरचं अंतर वय लपवतं, थकवा लपवतं, श्वास लपवतं. आपल्याकडे याचा सगळ्यात दुःखद दाखला बालगंधर्वांचा आहे. ज्यांच्या भामिनी-सिंधूवर महाराष्ट्र जीव टाकत होता, त्यांना १९३० च्या दशकात चित्रपटांनी ती जागा दिली नाही. गळा तोच होता. पण त्यांची जादू नाट्यगृहातल्या अंतरावर, ऑर्गनच्या भरणावर आणि ‘वन्स मोअर’ म्हणणाऱ्या माणसांवर उभी होती, आणि यातलं काहीच कॅमेऱ्याजवळ नसतं.

तुमची मुलगी स्टेजवर छान करते हा तिच्या बाजूचा पुरावा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा कसा मिळवायचा ते पुढे सांगते.

आता गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, या भागाकडे. इथे आपली आणि हॉलिवूडची रीत मुळातच निराळी आहे. आपल्याकडे पार्श्वगायन उघड असतं. पडद्यावर कोण आहे आणि गातंय कोण, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, तो दोघांनाही दाद देतो. हॉलिवूडने हे वर्षानुवर्षं दडवलं. मार्नी निक्सन या गायिकेने ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वूडसाठी आणि ‘माय फेअर लेडी’मध्ये ऑड्री हेपबर्नसाठी गाऊन दिलं आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ची नायिका एलायझा अजरामर करणाऱ्या ज्युली अँड्र्यूजला डावलून हेपबर्नला घेतलं होतं. त्याच वर्षीचं ऑस्कर अँड्र्यूज ‘मेरी पॉपिन्स’साठी घेऊन गेली.

हेपबर्न वाईट होती असं मी म्हणणार नाही. फुलं विकणारीची बाई होताना ती सुरेख दिसते. पण ‘जस्ट यू वेट’ हे गाणं कान देऊन ऐका. सुरुवातीचा चिडका भाग तिच्या स्वतःच्या आवाजात आहे आणि मध्येच, गाणं उंच जातं तिथे, निक्सनचा कसलेला गळा येतो. एलायझाचा संताप त्या ठिकाणी विरतो. संताप गात होता तोवर ती खरी होती. सूर चोख झाले आणि ती एक छान गाणारी बाई झाली. याच चित्रपटात रेक्स हॅरिसनने मात्र आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला साफ नकार दिला, कारण त्याचं अर्धं बोलून म्हणणं दर वेळी वेगळं पडायचं. त्याच्या टायमध्ये छोटा बिनतारी मायक्रोफोन लपवून गाणी जागेवर घेतली. हिगिन्स या प्राध्यापकाचा तो हट्टी, तुटक उच्चार त्याच्याच तोंडून येतोय याची प्रत्येक ओळीला खात्री पटते. एकाच चित्रपटात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघायला मिळतात, म्हणून शिकणाऱ्यांना मी हाच दाखवते.

पण म्हणून दुसऱ्याचा आवाज वापरूच नये असा निष्कर्ष काढू नका. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये ख्रिस्तोफर प्लमरची गाणी बिल ली यांच्या आवाजात आहेत आणि कुणाला खटकत नाही. कॅप्टन हे पात्रच स्वतःला आवरून धरणारं आहे. तो गातो तेव्हाही संकोचाने, हळू, आणि त्या आवाजात चेहऱ्याशी भांडणारं काही नाही. पात्राचा स्वभाव आणि उसना आवाज एकाच ताणाचे असले की सांधा बसतो.

आता ‘कट्यार काळजात घुसली’. यावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर इथे आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब या गवयाच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यासाठी खाँसाहेब म्हणजे वसंतराव, संपलं. २०१५ चा चित्रपट करताना दिग्दर्शक सुबोध भावेंपुढे सरळ वाट होती: वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, ज्यांनी पुनरुज्जीवित नाटकात खाँसाहेब केलेच होते, त्यांनाच पडद्यावर आणायचं. त्यांनी राहुलचा गळा घेतला आणि चेहरा सचिन पिळगावकरांचा. बातमी आली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, कारण सचिन म्हणजे हलकेफुलके, हसरे चित्रपट असं समीकरण डोक्यात होतं.

ती निवड का जमली याची माझ्या मते दोन कारणं आहेत. पहिलं तांत्रिक. शास्त्रीय गाण्यावर ओठ हलवणं हे सुगमपेक्षा कितीतरी अवघड. तान सुटते तेव्हा फक्त ओठ हलून भागत नाही. जबडा, गळ्याची शीर, खांदा, समेला येणारा हात, आणि मुख्य म्हणजे तानेच्या आधी घेतलेला श्वास, हे सगळं गायकाच्या बरोबर पडावं लागतं. सचिन बालकलाकार असल्यापासून पडद्यावर दुसऱ्यांच्या आवाजात गात आले आहेत. हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा आहे. चांगला गाणारा माणूस दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवायला बऱ्याचदा कच्चा असतो, कारण त्याचा गळा स्वतःच्या जागा घ्यायला धावतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खाँसाहेब या चित्रपटात जितके गातात तितकेच ऐकतात. दरबारात त्यांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी गात असतात आणि कॅमेरा खाँसाहेबांवर येतो. त्या चेहऱ्यावर एकाच वेळी दाद आहे आणि जळफळाट आहे. समोरच्याचा सूर किती खरा आहे हे कळणाऱ्यालाच तो इतका बोचतो. सचिनची निवड या ऐकण्यासाठी झाली असं मी मानते, आणि चित्रपट तिथे उभा राहतो. नाट्यगृहात गाणारा गात असताना प्रेक्षक गाणाऱ्याकडेच बघतो, ऐकणारं पात्र अंधारात गेलं तरी चालतं. पडद्यावर गाण्याचा मोठा हिस्सा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. संगीत नाटकाचा चित्रपट करताना ऐकणाऱ्यांची पात्रनिवड गाणाऱ्यांइतकीच कसून करावी लागते, आणि नेमकं तिथेच सगळे ‘कुणीही चालेल’ म्हणतात. तुम्हीही म्हणालात.

पंडितजींच्या बाबतीत उलटा निर्णय आहे. शंकर महादेवन अभिनयात नवखे, पण गळा आणि चेहरा एकाच माणसाचा. तेही बरोबर, कारण पंडितजींचं गाणं पूजेसारखं आहे. त्यांना गाताना काही सिद्ध करायचं नाही, फारसं ‘करायचं’ही नाही. गाताना जो माणूस आपोआप निर्मळ दिसतो तो घेतला आणि त्याला गाऊ दिलं. ‘घेई छंद मकरंद’ दोन्ही बाजूंनी ऐका. तेच पद पंडितजींकडे शांत, रुळलेलं आहे आणि खाँसाहेबांकडे आक्रमक तानांचं. एका पात्रात माणूस आणि गळा एक, दुसऱ्यात दोन माणसं मिळून एक पात्र, आणि एकाच गोष्टीत दोन्ही शोभतात. पंडितजींचा शिष्य सदाशिव, त्याच्या जागी मात्र माझं मन अडखळतं; गळा महेश काळेंचा आणि चेहरा स्वतः सुबोध भावेंचा. महेश काळेंचा आवाज अप्रतिम आहे, ‘अरुणी किरणी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण तो आवाज कोवळ्या, शिकायला आसुसलेल्या मुलाचा आहे आणि सुबोध भावेंचा चेहरा त्यापेक्षा पोक्त. मी असते तर तिथे कमी वयाचा नट शोधला असता.

एवढ्यावरून माझ्या कामाचा जो क्रम ठरतो तो असा: आधी गाणं गोष्टीत कसं येतं ते ठरवायचं, मग त्या गाण्यात कुणाचा चेहरा दिसणार ते, आणि त्यानंतर कलाकार. ‘कॅबरे’मध्ये (१९७२) बॉब फॉसीने हे इतकं स्पष्ट केलं की एका बिअरबागेतल्या गाण्याचा अपवाद सोडला तर बाकी सगळी गाणी क्लबच्या मंचावरच ठेवली. पात्रं आपल्या खोलीत गाऊ लागतात ही नाटकातली सवय काढून टाकली. त्यामुळे स्टेजवर क्लबचा सूत्रधार करणारा जोएल ग्रे तसाच ठेवता आला. त्याचं भडक, रंगवलेलं तोंड मंचावर शोभतंच. लायझा मिनेलीवर एक जुना आक्षेप आहे की तिने केलेली सॅली, क्लबमध्ये गाणारी नायिका, ही सुमार गायिका असायला हवी आणि मिनेली फारच चांगली गाते. आक्षेपात तथ्य आहे. तरी मी तिलाच घेतलं असतं. तिची सॅली मंचावर जितकी भरलेली तितकीच खाली उतरल्यावर रिकामी आहे, आणि हे अंतर तिच्याएवढं मोठं कुणी दाखवलं नसतं.

तुमच्या मनात असेल म्हणून सांगते: जागेवर गाऊन चित्रीकरण करायच्या फंदात तुम्ही पडू नका. ‘ले मिझराब्ल’मध्ये (२०१२) टॉम हूपरने ते केलं. कलाकारांच्या कानात पियानो वाजत होता, वाद्यवृंद नंतर भरला. त्यातून अॅन हॅथवेचं ते एकटीचं गाणं मिळालं. कॅमेरा तिच्या तोंडासमोरून हलत नाही, हुंदक्याने सूर तुटतो आणि तो तुटलेलाच ठेवलाय. पण त्याच पद्धतीने रसेल क्रोचा पोलीस अधिकारी जावेर उघडा पडला. त्या भूमिकेचा दरारा गळ्यात लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता. यासाठी निःशब्द सेट लागतो आणि नंतर महिनोन्महिने आवाजाचं काम लागतं. ऐरोलीत खिडकीबाहेर रस्ता वाहत असताना हे जमायचं नाही. मोजक्या पैशांत आधी नीट ध्वनिमुद्रण करा. फक्त तालमीत ज्या मनःस्थितीत ती गाते त्याच मनःस्थितीत, शक्यतो पाठीमागे सहकलाकार उभा करून, माइकसमोर गाऊन घ्या. स्टुडिओत खुर्चीवर बसून गायलेलं पद पडद्यावर खुर्चीवर बसल्यासारखंच ऐकू येतं.

आता तुमच्या दोघी. साध्या मोबाइलवर, चेहरा फ्रेममध्ये पूर्ण भरेल इतक्या जवळून दोघींची चाचणी घ्या. गाणारीला तिच्या नेहमीच्या पट्टीत गाऊ देऊ नका. दोन स्वर खाली उतरवा आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून म्हणायला सांगा. स्टेजचा आवाज काढून घेतल्यावर डोळ्यांत काही उरतं का ते बघा. उरलं तर कॅमेऱ्याचा अनुभव नसणं ही अडचण नाही; खुणेवर थांबणं, लेन्सकडे न बघणं, हे आठवड्याच्या तालमीत येतं. मालिकेतल्या मुलीला या गाणारीच्याच आवाजातलं पद द्या, घरी दोन दिवस पाठ करू द्या आणि मग आवाज बंद करून तिचा व्हिडिओ बघा. आवाजाशिवाय ती गातेय असं वाटलं तर तिच्यात दम आहे. नुसते ओठ उघडमीट करताना दिसले तर ओळखीचा चेहरा काही वाचवणार नाही. शेवटी दोघींना एकमेकींसमोर बसवा. एक पद दुसरीला ऐकू द्या आणि कॅमेरा ऐकणारीवर ठेवा. गाणं संपेपर्यंत कट म्हणू नका.

चाचणीत काही अनपेक्षित दिसलं नाही तर माझा कौल असा. तुमच्या एकांकिकेतली पदं नायिकेच्या मनातली असतील, तर नायिका गाणारीच ठेवा. तिचा गळा काढून दुसरीला दिला तर एलायझाच्या त्या गाण्यासारखं होईल. आणि पैसे घालणाऱ्यांना ओळखीचा चेहरा हवाच असेल, तर तो मोठ्या बहिणीला द्या. न गाणारी, धाकटीचं गाणं घरात रोज ऐकणारी बहीण ही तुमच्या चित्रपटातली दुसरी मोठी भूमिका आहे. मालिकेत रोज काम करणाऱ्या मुलींना क्लोजअपमध्ये न बोलता भाव धरून ठेवायची सवय असते, तीच तिथे कामी येईल. पोस्टरवर तिचा चेहरा छापता येईल आणि गाण्यांच्या वेळी कॅमेऱ्याला जायला हक्काची जागाही मिळेल. यासाठी पटकथेत बहिणीला प्रत्येक पदाच्या वेळी त्या खोलीत, नाहीतर निदान दारात, आणून ठेवावं लागेल; एकांकिकेत ती तेव्हा बहुधा विंगेत असेल.

आणि सगळं ऐकूनही तुम्ही आवाज आणि चेहरा वेगळेच केलेत, तर गाणाऱ्या मुलीशी आधी लेखी बोलणी करा. मानधन वेगळं ठरवा आणि तिचं नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नायिकेच्या लगेच खाली द्या. चित्रीकरणाच्या दिवशीही तिला सेटवर बोलवा, मॉनिटरजवळ बसवा. श्वास चुकला की तो सगळ्यात आधी तिलाच दिसेल.